पंचवीस अंशांचं पाणी

जगातली कुठलीही वस्तू हातात घ्या. ती एकतर आंबलेली असते, नाहीतर म्हातारी होत आलेली असते, नाहीतर कुणीतरी तिच्यात गुपचूप तेल मिसळलेलं असतं. चौथी अवस्था नाहीच, अशी माझ्या भाटव्यांची गेल्या पस्तीस वर्षांची पक्की समजूत आहे. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. आमच्या घरात त्यांना तोंडावर भाऊजी म्हणायचं आणि माघारी भाटवे, आणि माघारी त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं इतकं असायचं की भाऊजी हा शब्द फारसा वापरातच आला नाही. त्यातलं निम्म्याहून जास्त मीच बोललो, हे आधीच कबूल करतो. त्यांच्या नकला करून मी कित्येक लग्नांत लोकांना हसवलं. आज त्या नकला आठवल्या की कान गरम होतात, पण त्या सांगितल्याशिवाय भाटवेही सांगता येत नाहीत, म्हणून सांगतो.

या समजुतीचं मूळ डांबरात आहे. रस्त्याचे ठेकेदार जिथे डांबराचे डबे तपासायला आणून देतात अशा नागपुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत भाटव्यांची उभी हयात गेली. शिक्षण बी.एस्सी., पगार बेताचा, आणि डांबरावर प्रेम मात्र असं की ताईने सुरुवातीची दोन वर्षं सवत मानून त्याचा राग केला. नंतर तिनेही हात टेकले. त्यांच्या शर्टाला डांबराचा वास येतो अशी तिची तक्रार असायची आणि ते मनापासून विचारायचे, कोणत्या डांबराचा?

आंबटपणाचं म्हणाल तर त्यांच्या खिशात पेनाशेजारी लिटमसच्या पट्ट्यांची चोपडी कायम असायची. ताक, लोणचं, अंबाडीची भाजी, सरकारी नळाचं पाणी, सगळ्यांत एकेक पट्टी बुडायची. माझ्या लग्नात वंदना झाली, मंगल परिणय पार पडला, पंगती बसल्या, आणि जावईमाणूस म्हणून मानाच्या जागी बसवलेल्या भाटव्यांनी द्रोणातल्या कढीत पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. शेजारी माझे चुलत सासरे होते. त्यांना वाटलं, कढीत काही पडलं-बिडलं की काय. त्यांनी द्रोण बाजूला सरकवला, त्यांचं पाहून पुढच्यानं सरकवला, आणि दोन मिनिटांत अख्खी पंगत कढीकडे संशयाने बघत बसली. आचारी हातात झारा घेऊनच बाहेर आला. भाटवे त्याला अगदी शांतपणे म्हणाले, "कढी चांगली आहे गा. फक्त दही कालचं नाही, परवाचं आहे." आचाऱ्याने झारा खाली केला. दही परवाचंच होतं. पण माझी सासरची माणसं पुढे वर्षभर मला विचारत होती की तुमचे भाटवे पोलिसात आहेत का.

नरमाईची पारख हा त्याहून वरचा प्रकार. डांबर किती नरम आहे ते मोजायची एक रीत आहे. डांबराच्या डबीवर ठरावीक वजनाची सुई टेकवायची, पाच सेकंद सोडायची आणि ती किती आत उतरली ते वाचायचं. मात्र ही डबी आधी पाण्याच्या टबात दीड तास मुरलेली हवी आणि ते पाणी बरोबर पंचवीस अंशांवर हवं, कारण डांबर जरा कोमटलं की उगाच नरम होतं आणि खोटी साक्ष देतं. प्रयोगशाळेत सुई असायची. बाहेरच्या जगासाठी भाटव्यांनी आपला उजवा अंगठा नेमला होता. पुरणपोळी असो, गादी असो, लेकराचा गाल असो, ते अंगठा टेकवून डोळे मिटत आणि ओठांतल्या ओठांत पाच मोजत. प्रताप नगरच्या चौकात एकदा त्यांनी अकरा पपया अशा दाबल्या आणि बारावीला हात घातला तेव्हा फळवाल्याने त्यांना अकराही घ्यायला लावल्या. त्या आठवड्यात ताईने पपईचा हलवा, पपईची भाजी आणि पपईचे पराठे केले, आणि भाटवे ताटावर बसून शांतपणे कोणती पपई कितवी होती ते सांगत राहिले.

मे महिन्यात त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं म्हणजे तर शिक्षाच. कुठे नवा रस्ता दिसला की गाडी थांबायची, भाटवे भर रस्त्यात उकिडवे बसायचे आणि डांबरावर अंगठा टेकवायचे. एकदा भर दुपारी ते असेच बसले. माणूस खाली बसला, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. लोकांना वाटलं याला ऊन लागलं. बघता बघता घोळका जमला. एका बाईने पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला, एका ऑटोवाल्याने बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं. भाटवे पाणी निथळत उठले आणि म्हणाले, "याच्यात तेल आहे बहुतेक." मी तोवर रस्त्याच्या पलीकडे जाऊन एका पानठेल्याच्या सावलीत उभा होतो. ठेलेवाल्याने विचारलं की ते तुमच्यासोबत आहेत का, आणि मी नाही म्हणालो. सहज म्हणालो. लाज वाटली म्हणून 'नाही' म्हणालो, आणि आता त्या नाहीचीच लाज वाटते.

म्हातारपणाबद्दल त्यांचं मत असं की वस्तू वर्षांनी म्हातारी होत नाही, उष्णतेनं आणि हवेनं होते. डांबर कढईत तापतं तिथेच त्याचं निम्मं तारुण्य जातं; पुढे रस्त्यावर ऊन-वारा खाता खाता ते कडक होतं, ठिसूळ होतं आणि एक दिवस तडकतं. प्रयोगशाळेत एक भट्टी होती. तिच्यात डांबराच्या बाटल्या गरम हवेत गोल गोल फिरत आणि दीड तासात म्हाताऱ्या होऊन बाहेर येत. भाटवे त्या बाटल्या काढताना इतके हळवे होत की आम्ही त्यांना 'वृद्धाश्रमाचे मॅनेजर' म्हणत असू. हेही नाव मीच ठेवलेलं. घरी ते प्रत्येक डब्याचं झाकण दोनदा दाबून बघायचे आणि उघडी बरणी दिसली की ताईकडे अशा नजरेने पाहायचे की जणू तिने कुणाचा जीव घ्यायला काढला आहे. पण माझ्या आईला गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा तिची समजूत घालायला हाच माणूस तिच्यापाशी बसला होता. ते तिला म्हणाले होते, "आई, तुम्ही वयानं नाही म्हाताऱ्या झाल्या. चुलीनं झाल्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी इतवारीच्या बाजारातून धूर ओढणारा पंखा आणून आमच्या स्वयंपाकघरात स्वतः बसवून दिला. मी त्या घरात जन्मापासून राहत होतो. मला तो धूर कधी दिसला नव्हता.

राहिलं तेल. गाड्यांच्या इंजिनातून काढलेलं जळकं, काळं तेल. नागपुरातल्या झाडून सगळ्या गॅरेजवाल्यांना भाटवे माहीत होते, आणि ते कोण आहेत हे एकालाही माहीत नव्हतं. ते जात, तेलाच्या पिंपात बोट बुडवत, बोटावर चोळत, वास घेत आणि विचारत, या तेलावर गाडी किती चालली? काहींना वाटे गिऱ्हाईक आहे, काहींना वाटे प्रदूषणवाला साहेब आहे. एक मेकॅनिक तर त्यांना बघितलं की शटर अर्धं पाडून जेवायला जाई. स्कूटरच्या डिकीत तेलाच्या पन्नासेक बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. त्या डिकीत ताईची भाजीची पिशवी कधी मावली नाही.

पण हे वेड नव्हतं. मला ते फार उशिरा कळलं. उखडलेल्या जुन्या रस्त्याच्या डांबरी खडीत डांबर शिल्लक असतं, फक्त ते म्हातारं झालेलं असतं. त्यात थोडं जळकं तेल घातलं की ते पुन्हा नरम होतं, आणि फेकायची खडी पुन्हा रस्त्यात वापरता येते. फुकटातली गोष्ट, म्हणून पुष्कळांनी करून पाहिली होती आणि पुष्कळांचे रस्ते एका पावसात खडी सोडून मोकळे झाले होते. भाटव्यांचं म्हणणं असं की दोष तेलाचा नाही, तेलातल्या आम्लाचा आहे. जळून जळून तेल आंबतं. ते आम्ल डांबरात उतरतं, मग पाणी लागलं की डांबर खडीला धरत नाही, आणि म्हातारंही लवकर होतं. म्हणून ते इतवारीतून चुना आणायचे, तेलात घोटायचे, चार दिवस निवळू द्यायचे आणि मलमलीतून गाळायचे. मग काचेच्या नळीतून थेंबथेंब अल्कली सोडून किती आम्ल उरलं ते मोजायचे. पहिलं बाद, दुसरं बाद, विसावं बाद. असं सहा वर्षं. नोकरीच्या वेळेनंतर, स्वतःच्या खर्चानं. याच काळात त्यांनी मला त्या प्रयोगशाळेत चिकटवलं. मी तेव्हा पदवी घेऊन घरी बसलो होतो आणि बसण्यात तरबेज झालो होतो. त्यांनी मला सुई धरायला शिकवलं, थर्मामीटर वाचायला शिकवलं, आणि मी जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करून पोरांना हसवायला शिकलो.

सातव्या वर्षी जमलं. मालकाला पटलं, मालकानं रस्त्याच्या खात्यातल्या एका साहेबांना पटवलं, आणि कुहीकडच्या एका गावरस्त्याचा छोटासा तुकडा भाटव्यांच्या पद्धतीनं करून बघायचं ठरलं. तुकडा टिकला तर पुढे मोठं काम, आणि कागदावर भाटव्यांचं नाव. त्यांना नावाचंही फार नव्हतं. आपण सहा वर्षं जे घोटलं ते खरं आहे की नाही, एवढंच त्यांना रस्त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. एकच गोष्ट बाकी होती: जुन्या डांबरात त्यांचं तेल शंभराला चार भाग घालायचं, सहा की आठ. तिन्हींच्या डब्या तयार होत्या. सुई साठच्या आसपास उतरेल ते प्रमाण. भाटवे म्हणत होते आठ लागेल. सोमवारी साहेबांना आकडा द्यायचा होता.

शनिवारी त्या सुया लावायच्या होत्या आणि शनिवारीच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला न्यायला मी जायला हवं होतं. मी म्हणालो, कामावर सुट्टी नाही. वास्तविक माझ्या शेजारच्याच टेबलावर बसणाऱ्या माणसाला मी हे सांगत होतो. ते म्हणाले, मग मी नेतो, तू सुया लाव. जाताना टबाला चिठ्ठी चिकटवून गेले: लाईट गेली तर बर्फ आणजो, पाणी पंचवीस झाल्यावर दीड तास थांबजो, घाई करू नको.

लाईट दहा वाजताच गेली. बाहेर मे पेटला होता. बर्फ आणायला मी एकदा निघालो आणि दारातून परत आलो, इतकं ऊन होतं. तीन वाजता मित्रांबरोबर सिनेमाला जायचं होतं. सिनेमा कोणता तेही आता आठवत नाही. थिएटर थंड होतं एवढं आठवतं. दोन वाजता मी टबात बोट घातलं. पाणी कोमट लागलं. मी त्या कोमट पाण्यातच सुई लावली. चार भागांच्या डबीत सुई बासष्ट उतरली. मला खूप बरं वाटलं, कारण आकडा साठच्या जवळ होता आणि काम संपलं होतं. वहीत चार, सहा, आठचे आकडे लिहिले, तापमानाच्या रकान्यात पंचवीस लिहिलं आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी वही घेऊन दवाखान्यात गेलो. भाटवे आईच्या उशाशी घड्याळ घेऊन बसले होते. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते आणि ते काम त्यांनी नर्सलाही करू दिलं नव्हतं. त्यांनी वही बघितली. बराच वेळ बघितली. मग मला म्हणाले, "पाणी पंचवीस होतं ना गा?"

मी म्हणालो, "हो भाऊजी."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे, पण ते खरं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मला उलट आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं. त्यांना वाटलं, चुन्यानं तेल इतकं शुद्ध झालं की निम्म्यातच काम भागलं. एरवी हा माणूस स्वतः तीनदा सुई लावल्याशिवाय आकडा पुढे जाऊ देत नसे. पण आईला सोमवारी घरी सोडणार होते, तोवर त्यांना जागचं हलायचं नव्हतं, आणि शेवटी आकडा घरच्या माणसानं लावलेला होता. तो माझ्याच हाती साहेबांकडे गेला.

चार भागांनी रस्ता झाला. भाटव्यांनी मोहल्ल्यात संत्राबर्फी वाटली. दर रविवारी स्कूटर काढून ते तो तुकडा बघायला जात; धानाच्या बांधावर बसून डबा खात आणि रस्त्याकडे बघत. पावसाळ्यात खडी सुटली नाही, म्हणजे आम्लाबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं निघालं होतं. पण डांबर कडक राहिलं होतं. थंडी पडली आणि जानेवारीत तो तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला. साहेब आले, त्यांनी बुटाच्या टोकानं एक भेग उकरून पाहिली आणि गाडीत जाऊन बसले. मालकानं मात्र सगळ्यांसमोर सांगितलं की स्वयंपाकघरातली शास्त्रं स्वयंपाकघरात ठेवा. हसणारे हसले. मी हसलो नाही, एवढंच माझ्याकडून झालं. भाटव्यांना डांबरावरून काढून सिमेंटच्या ठोकळ्यांवर टाकलं. रोज साठ-सत्तर ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि कितीवर फुटले ते लिहायचं. ते त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. डांबराचं टेबल मला मिळालं.

ठोकळ्यांवर जाण्याआधी त्यांनी उरलेल्या तेलानं तिन्ही सुया पुन्हा लावल्या. चारला सुई चाळीसच उतरली, साठपर्यंत गेली ती आठला. ते माझ्याकडे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एकच सांग. त्या दिवशी पाणी पंचवीस होतं ना?" मी पुन्हा हो म्हणालो. आता तर टेबलही माझं होणार होतं. ते मान हलवून म्हणाले, "मग तेलच बदललं असन. पिंपात राहून पुन्हा आंबलं असन." घरच्या माणसावर संशय घेण्यापेक्षा त्यांना सहा वर्षांच्या मेहनतीवर संशय घेणं सोपं गेलं.

त्यानंतर अकरा वर्षं ते ती चूक शोधत होते. गॅरेजच्या चकरा वाढल्या, बाटल्या डिकीतून पलंगाखाली गेल्या, चुन्याची गोणी बाल्कनीत आली. तेल किती दिवसांत पुन्हा आंबतं, ऊन लागलं तर किती, झाकण सैल असेल तर किती, याच्या वह्यांवर वह्या. तेल आंबतच नव्हतं. कसं आंबेल? मी ते बघत होतो. दिवाळीला, आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भाच्याच्या बारावीच्या निकालाला त्या घरी जेवत होतो आणि घरी येऊन बायकोला भाटव्यांची नवी तऱ्हा सांगत होतो. हळूहळू सांगण्यासारखं कमी होत गेलं. लिटमसची चोपडी खिशातून गेली. पंगतीत वाढतील ते मुकाट्यानं खाऊ लागले. नव्या रस्त्यावरून स्कूटर न थांबता जाऊ लागली. लोक म्हणाले, वयानं शहाणे झाले.

मागच्या मे महिन्यात ताईकडे गेलो तर लोणच्याच्या कैऱ्या आलेल्या. दरवर्षी त्यातल्या कडक कोणत्या, गाभुळलेल्या कोणत्या ते भाटवे सांगायचे आणि ताई वैतागून का होईना, त्यांच्याच हातून निवडून घ्यायची. तिने टोपली पुढे ठेवली. त्यांनी हात मांडीवरच ठेवले आणि म्हणाले, "तूच पाह्य वं. माह्या हाताचा आता भरोसा नाही." रागानं नाही, दुःखानंही नाही, चष्म्याचा नंबर वाढला असं सांगावं तसं. ताई टोपली घेऊन आत गेली. कूलरचा आवाज येत होता. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

मी म्हणालो, "भाऊजी, त्या शनिवारी पाणी पंचवीस नव्हतं."

कोणता शनिवार, हे त्यांनी विचारलं नाही. ते उठले, फळीवरून जुनी वही काढली आणि न शोधता ते पान उघडलं. चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

"किती होतं?"

मी त्या पानाकडे पाहत राहिलो. त्यांना वाटलं मी आठवून बघतो आहे. ते म्हणाले, "अंदाजे सांग. तीस? बत्तीस? आकडा भेटला त उलटा हिशोब बसवता येते."

"पाह्यलंच नाही भाऊजी. बोट घातलं होतं फक्त."

"थर्मामीटर होता ना टबात?"

"होता."

"मग काहून नाही पाह्यला गा?"

"सिनेमाले जायचं होतं."

त्यांचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका पडला आणि पसरत गेला. चुकीचा आकडा दिला असता तर त्या माणसाला तो पुरला असता. चुकीच्या आकड्यांना बरोबर करण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. माझ्याकडे तोही नव्हता. मी मान खाली घातली. आता बोलतील, आता काही फेकून मारतील, निदान ताईला हाक मारतील, याची मी वाट बघत होतो आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

त्यांनी हाक मारलीच. पण आवाज निराळा होता.

"ऐकून राहिली का वं? तेल बरोबर होतं."

ताई दारात आली. हाताला मीठ-हळद लागलेली. ते तिच्याकडे वही धरून सांगू लागले की आठच लागत होतं, मी पहिल्यापासून आठच म्हणत होतो, चुनाही बरोबर होता, पाणी गरम म्हणून सुई जास्त गेली, बाकी काही नाही. ताईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं की हा माणूस अकरा वर्षांनी एवढं बोलतो आहे, आणि का बोलतो आहे. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने मला त्या दिवशी जेवायला थांब म्हटलं नाही, आणि अजूनही म्हणत नाही.

फाटकापर्यंत भाटवेच सोडायला आले. विचारलं, साहेबांना आता सांगता येईल का. साहेब कधीच निवृत्त झाले होते, तो रस्ता त्यानंतर दोनदा नवा झाला होता, आणि जुन्या डांबराला नरम करायचं औषध आता कारखान्यातून पिंपं भरून येतं; जळक्या तेलाचं कुणी नाव काढत नाही. हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हणालो, शोधतो. ते म्हणाले, घाई नाही, पण सांग. मग फाटकाची कडी हातात धरून, एखादी गमतीची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "मले वाटे, मलेच काही येत नाही."

ते हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसू त्यांना मी यातल्या कुठल्याही दिवशी देऊ शकलो असतो.